महिला सॉफ्टबॉल कसा बघायचा: पहिल्या सामन्यापासून स्वतःच्या स्कोअरशीटपर्यंत

सॉफ्टबॉल पहिल्यांदा बघणाऱ्याची गाडी साधारण तिसऱ्या-चौथ्या इनिंगला अडते. तोवर तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला (इथे बॉल म्हणजे बॅटरच्या टप्प्याबाहेर पडलेला पिच, टाकलेला चेंडू) वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट, तीन आउट झाले की बाजू बदलते, एवढं कळलेलं असतं. मग स्ट्राइकआउट झालेली बॅटर पहिल्या बेसकडे पळत सुटते. मघाशी बाहेर गेलेली पिचर परत येऊन बॉल टाकायला लागते. बरोबरी झाली की एक खेळाडू काहीही न करता दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहते. आणि समालोचक यातलं काहीच समजावून सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते हे सगळ्यांना माहीतच आहे.

मी यातून गेले आहे. नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर पेंग येते आणि नुसतेच सामने बघत राहिलं तर निम्मं डोळ्यांसमोरून निघून जातं. म्हणून जो क्रम मला उपयोगी पडला तो इथे देते. खेळायला शिकवणारा हा लेख नाही. राष्ट्रीय लीगमधला आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधला महिला फास्टपिच (बॉल जोरात टाकला जातो तो) सॉफ्टबॉल समजून बघता यावा आणि बघता बघता त्याची नोंद ठेवता यावी, एवढ्यासाठी आहे.

सुरुवातीला काय काय लागेल

- एका पूर्ण सामन्याचं रेकॉर्डिंग. हायलाइट्स नकोत; त्यात होमरन (कुंपणाबाहेर जाणारे फटके) दिसतात, पण होमरनच्या आधीचे सात पिच कापलेले असतात आणि खरी गंमत तिथेच असते.
- जागतिक संघटना डब्ल्यूबीएससीचं नियमपुस्तक. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. वाचायचं नाही, अडलं की उघडायचं.
- दोन्ही संघांचं लाइनअप, म्हणजे बॅटिंगचा क्रम आणि कोण कुठे उभी आहे ते.
- दोन कोऱ्या स्कोअरशीट, प्रत्येक संघाला एक. छापील नसली तर वहीत चौकोन आखले तरी चालतं.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन लांब ठेवा. स्कोअरर हिटची (बॅटरने फटक्यावर कमावलेला बेस) एरर (क्षेत्ररक्षणाची चूक) करतात, एररची हिट करतात आणि तुम्हाला ते दोन बॅटर झाल्यावर कळतं.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच.

१. आधी दोन अंतरं डोक्यात बसवा

४३ फूट आणि ६० फूट. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर, एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. बेसबॉलमध्ये हेच आकडे ६० फूट ६ इंच आणि ९० फूट आहेत. या खेळातली जवळजवळ प्रत्येक विचित्र वाटणारी गोष्ट या दोन अंतरांतून निघते, म्हणून बाकी काही विसरलात तरी चालेल, हे दोन आकडे विसरू नका.

आधी ४३ घ्या. पिचर पुढे झेप घेऊन बॉल सोडते, त्यामुळे बॉल सुटतो त्या क्षणी प्लेटपर्यंत साधारण ३७-३८ फूटच उरलेले असतात. ताशी ११० किलोमीटरचा बॉल तेवढं अंतर ०.४ सेकंदाच्या आत कापतो. अमेरिकेच्या मोनिका अ‍ॅबटने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटर वेगाने बॉल टाकला होता. त्याची नोंद विश्वविक्रम म्हणून झाली. एवढ्या वेळात बॉल बघून, ओळखून, मग बॅट फिरवायला फुरसत नसते. बॅटर अर्धा निर्णय आधीच घेऊन उभी असते. पिचर त्याच निर्णयाशी खेळते.

आता ६०. पहिल्या बेसपर्यंतचं अंतर इतकं कमी आहे की पायाने चपळ असलेली डावखुरी बॅटर बॉल लागल्यापासून तीन सेकंदांच्या आत तिथे पोचते. स्टॉपवॉच यासाठीच आणायला सांगितलं: बॅटला बॉल लागला की सुरू, पाय बेसला लागला की बंद. पाच-सहा वेळा मोजून बघा. मग लक्षात येईल की शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूच्या) हातून बॉल एकदा जरी निसटला, तरी बॅटर सेफ. क्षेत्ररक्षणात दुसरी संधी नसते.

स्लॅप हा फटका याच हिशेबातून आला आहे. डावखुरी बॅटर बॉक्समध्येच पुढे चालायला लागते आणि चालता चालता बॉल शॉर्टस्टॉपच्या दिशेने ढकलते किंवा टप्पा पाडून उंच उडवते. फटका बघायला बावळट वाटतो. पण बॉल लागतो तेव्हा ती धावतच असते, आणि तिला हव्या असलेल्या सेकंदाच्या हिश्श्याची कमाई तिथेच होते. हे थांबवायला पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या खेळाडू बेस सोडून बऱ्याच पुढे, कधीकधी प्लेटच्या दिशेने निम्म्या वाटेवर येऊन उभ्या राहतात. बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला बॉल) आला तर उचलायला आणि बॅटरच्या मनात धास्ती भरायला. जोरदार फटका तिथे आला तर काय होतं ते लिहायला नको. त्यातल्या बऱ्याच जणी तोंडावर जाळी लावून खेळतात.

*सापळा:* क्रिकेट बघून तयार झालेला डोळा बॉलच्या मागे जातो. इथे बॉल खेळला गेला की आधी पहिल्या बेसकडे बघा, मग पुढे कोण पळतंय ते बघा, बॉल सर्वांत शेवटी. दुसरी सवय म्हणजे रन मोजून सामना जोखायची. २-० हा इथे रटाळ सामना नसतो.

*दुसरा सापळा:* १९९६ आणि २००० च्या ऑलिंपिकचं फुटेज बघाल तेव्हा बॉल पांढरा दिसेल आणि पिचर जवळ वाटेल. वाटेल म्हणजे, असतेच: तेव्हा महिलांचं पिचिंग अंतर ४० फूट होतं. पिवळा बॉल आणि ४३ फूट नंतर आले. त्यामुळे तेव्हाच्या स्ट्राइकआउटची आजच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका.

२. पहिला सामना: टोकियो ऑलिंपिकची फायनल

कोणता सामना बघू, असं कोणी विचारलं की मी हाच सांगते. २७ जुलै २०२१, योकोहामा, जपान २, अमेरिका ०. शोधताना लक्षात ठेवा, स्पर्धेचं नाव टोकियो २०२० असलं तरी ती झाली २०२१ मध्ये. नुसतं वर्ष टाकून शोधलं की भलतंच काही हाती लागतं.

पहिल्या वेळी आवाज बंद करून बघा. पहिल्या दोन इनिंग फक्त पिचर. तिसरी आणि चौथी फक्त पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या खेळाडू, प्रत्येक पिचच्या आधी त्या कुठे उभ्या राहतात ते. पाचव्या इनिंगपासून सगळं एकदम.

सहावी इनिंग मात्र दोनदा बघा. जपान २-० पुढे, अमेरिकेच्या रनर पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, एक आउट. अमांडा चिडेस्टरने सणसणीत लाइन ड्राइव्ह (जमिनीला जवळजवळ समांतर जाणारा फटका) मारला, तिसऱ्या बेसच्या यू यामामोतोकडे. बॉल तिच्या मनगटाला लागून उडाला. तो जमिनीवर पडता तर बेसेस भरले असते किंवा रन आली असती. पण मागे शॉर्टस्टॉपला असलेल्या माना अत्सुमीने तो हवेतच पकडला आणि लगेच दुसऱ्या बेसवर फेकला. दुसऱ्या बेसवरची रनर पुढे निघालेली होती, झेल झाल्यावर परतायला तिला वेळच उरला नाही. डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोन आउट, इनिंग संपली.

तो चेंडू उडाला ते नशीब म्हणता येईल. पण अत्सुमी तिथे होती ते नशीब नव्हतं. रिप्ले थांबवून बघा: यामामोतो पुढे आलेली आहे, म्हणून तिच्या मागची जागा सांभाळणं शॉर्टस्टॉपचं काम झालं आहे. पायरी १ मधला ६० फुटांचा हिशेब इथे मैदानावर उभा दिसतो.

याच इनिंगमध्ये युकिको उएनोच्या जागी मिऊ गोतो पिचिंगला आली आणि सातव्या इनिंगला उएनो परत आली. ते कसं चालतं, ते पायरी ५ मध्ये.

३. पिचरच्या हाताकडे बघायला शिका

आंतरराष्ट्रीय स्तरावर मुख्यतः पाच प्रकारचे पिच दिसतात: राइज, ड्रॉप, कर्व्ह, स्क्रू आणि चेंजअप. टीव्हीवर ते एकमेकांपासून ओळखणं सुरुवातीला जमत नाही, आणि जमवायची घाईही करू नका. बॉल बघण्याऐवजी बॅट बघा.

बॅट बॉलच्या खालून गेली किंवा फटका सरळ वर आभाळात उडाला, तर बहुधा राइज होता. हा बॉल कमरेच्या खालून सुटतो, चढत येतो आणि उलट्या फिरकीमुळे बॅटरच्या अंदाजाइतका खाली उतरत नाही. बॅट वरून गेली किंवा बॉल जमिनीवर आपटत इनफील्डमध्ये गेला, तर ड्रॉप. आणि बॅटरचा पुढचा पाय टेकून झाला, शरीराचा भार पुढे गेला, बॅट फिरून गेली आणि बॉल अजून वाटेतच आहे, असं दिसलं तर तो चेंजअप. हात तितक्याच वेगाने फिरलेला असतो. फसवणूक पकडीत असते. कर्व्ह आणि स्क्रू आडवे सरकतात, एक एका बाजूला, दुसरा दुसऱ्या. त्यांच्यासाठी सेंटर फील्डच्या बाजूने लावलेला कॅमेरा हवा, दुसऱ्या कोनातून काही कळत नाही.

दोन इनिंग अशा बघितल्या की पिचर कुठल्या प्रकारची आहे ते सांगता येतं. राइजवाली असेल तर आउटफील्डला काम जास्त, ड्रॉपवाली असेल तर शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेसला. कोच क्षेत्ररक्षण त्याप्रमाणेच लावतात.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एकाच पिचरला बॅटर तिसऱ्यांदा सामोरी जाते तेव्हा तिला वेळ जुळायला लागलेली असते. म्हणून मोठे संघ एकमेकींपासून शक्य तितक्या वेगळ्या पिचर सोबत ठेवतात. टोकियोत अमेरिकेकडे कॅट ऑस्टरमन आणि मोनिका अ‍ॅबट होत्या, दोघी डावखुऱ्या, दोघी २००८ च्या संघातही होत्या. ऑस्टरमन फिरकी आणि वळणावर जगणारी, अ‍ॅबट वेगावर. पाच-सहा इनिंग एकीची लय अंगात भिनली की दुसरी येऊन ती मोडते. तेव्हा पिचर बदलली म्हणजे आधीची दमली किंवा मार खाल्ला, असा अर्थ लावू नका. बदल कितव्या बॅटरला झाला ते बघा. बॅटिंगचा क्रम तिसऱ्यांदा वर आला असेल तर उत्तर तिथेच आहे.

४. बेसवरची शिस्त

इथे नियम पुष्कळ आहेत. बघायला पुरतील एवढेच देते.

पिचरच्या हातून बॉल सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचा नाही. बेसबॉलमध्ये रनर आधीच चार पावलं पुढे जाऊन उभी असते, इथे तसं केलं तर ती आउट आणि तो पिच धरला जात नाही. त्यामुळे स्टील करणारी (पिच सुटताच पुढचा बेस गाठायला निघणारी) रनर धावपटूसारखी एक पाय मागे ठेवून तयारीत दिसते.

पिचर बॉल हातात घेऊन आपल्या वर्तुळात उभी राहिली, की रनरचा लपंडाव संपला. थांबलेल्या रनरने लगेच पुढे तरी जायचं किंवा मागे तरी. मधेच घुटमळली तर आउट. वर्तुळाची त्रिज्या ८ फूट असते. पहिल्यांदा हे आउट बघितलं की काय झालं ते कळतच नाही, कारण कोणी कोणाला हातही लावलेला नसतो.

फोर्स आणि टॅग: मागून येणाऱ्या रनरमुळे पुढे जाणं भाग असेल तर बॉल घेऊन बेसला पाय लावला की काम झालं. भाग नसेल तर रनरला बॉल असलेला ग्लव्ह लावावा लागतो. कोणत्याही क्षणी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हिच्या मागचे सगळे बेस भरलेले आहेत का?

पहिल्या बेसला दोन गाद्या असतात, पांढरी आणि नारिंगी. नारिंगी बाहेरच्या बाजूला, ती धावत येणाऱ्या बॅटरची. पांढरी क्षेत्ररक्षण करणारीची. टक्कर होऊ नये म्हणून ही सोय. एकदा बेस मिळाला की मग नारिंगी विसरायची, रनर पांढरीवरच उभी राहते.

तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन आउट झालेले असतील, तर बॅटर पहिल्या बेसकडे पळू शकते. कॅचरने तिला टॅग करायचं किंवा बॉल पहिल्या बेसला फेकायचा. स्ट्राइकआउट होऊनही खेळ का थांबत नाही, त्याचं उत्तर हे.

इनफील्ड फ्लायचा नियम पहिल्या महिन्यात सोडून द्या. अंपायरने हात वर केला, बॅटर आउट दिली, पुढे चला.

बेसला पाय लावणं किती महागात पडतं ते बघायचं असेल तर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधला अमेरिका-ऑस्ट्रेलिया सामना शोधा. अमेरिकेच्या डॅनी टायलरने बॉल कुंपणाबाहेर मारला, सगळे बेस फिरून आली, मैत्रिणींच्या टाळ्या घेतल्या, आणि होम प्लेटवर पाय पडलाच नाही. ऑस्ट्रेलियाने अपील केलं, अंपायरने आउट दिलं, रन गेली. सात इनिंगमध्ये दुसरी रनच झाली नाही. लिसा फर्नांडिसने समोरच्या एकाही बॅटरला बेस मिळू दिला नव्हता. दहाव्या इनिंगमध्ये जोआन ब्राउनने तिला होमरन मारला आणि ऑस्ट्रेलिया २-१ जिंकलं. अपील क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने करायचं असतं, अंपायर आपणहून बोलत नाही. म्हणून होमरननंतर कॅचर प्लेटकडे डोळे लावून उभी असते. बघा पुढच्या वेळी. सुवर्णपदक शेवटी अमेरिकेलाच मिळालं, ही वेगळी गोष्ट.

५. कोण आत, कोण बाहेर

सुरुवातीच्या लाइनअपमधली कोणतीही खेळाडू एकदा बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. परतताना बॅटिंगच्या क्रमात आपल्याच जागी यायचं. टोकियोत उएनो परत आली ती या नियमाने. ३९ वर्षांच्या पिचरला मधे श्वास घेऊ द्यायचा, तेवढ्यात वीस वर्षांच्या पिचरने अमेरिकन बॅटरची लय बिघडवायची आणि शेवटचे तीन आउट पुन्हा अनुभवी हातात. हा नियम नसता तर कोचला गोतोला आणायची हिंमत झाली असती का, शंका आहे.

आता डीपी आणि फ्लेक्स. लाइनअपमध्ये नऊऐवजी दहा नावं दिसली की समजा ही जोडी आहे. डीपी बॅटिंग करते. फ्लेक्स क्षेत्ररक्षण करते, बॅटिंग करत नाही आणि तिचं नाव दहाव्या जागी लिहिलेलं असतं. फ्लेक्स बहुधा पिचर असते. इतकं सोपं आहे. गुंता पुढे होतो: डीपी मधेच क्षेत्ररक्षणाला कोणाच्याही जागी जाऊ शकते, आणि फ्लेक्स बॅटिंगला येऊ शकते, पण फक्त डीपीच्या जागी. दोघी एकाच वेळी बॅटिंगच्या क्रमात कधीच नसतात, एवढं एक वाक्य धरून ठेवा. स्कोअरशीटवर पहिल्या दिवसापासून दहावी ओळ मोकळी ठेवा, नाहीतर मधेच कागद चिकटवत बसावं लागतं.

६. सामना कधी संपतो

सात इनिंग. घरचा संघ सातव्या इनिंगच्या मध्यावर पुढे असेल तर तो बॅटिंगला येतच नाही.

त्याआधी संपायचा मार्ग म्हणजे मोठी आघाडी: ३ इनिंगनंतर १५, ४ नंतर १० किंवा ५ नंतर ७ रन. टोकियो ऑलिंपिकची पहिलीच लढत अशी संपली. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी, २१ जुलैला फुकुशिमात जपानने ऑस्ट्रेलियाला ८-१ हरवलं, पाच इनिंगमध्ये. रेकॉर्डिंग अर्धवट आहे असं वाटून दुसरी लिंक शोधू नका.

बरोबरी झाली तर आठव्या इनिंगपासून टायब्रेक. प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक रनर आयती मिळते. पहिल्या बॅटरच्या आधी जिचा क्रम होता ती. मग सगळं गणित एका रनवर येतं. पाहुणा संघ बहुधा बंट करून रनरला तिसऱ्या बेसवर सरकवतो आणि मग एक खोल फ्लाय (उंच फटका, ज्याच्या झेलानंतर रनर घरी पळते) पुरते. घरच्या संघाला किती रन हव्यात ते आधीच माहीत असतं, त्यामुळे तो कधी बंट करतो, कधी सरळ मारतो. समोरचा कोच बॅटरला मुद्दाम वॉक देऊन पहिला बेस भरतो, म्हणजे फोर्स मिळतो. टायब्रेकमधली प्रत्येक चाल बुद्धिबळासारखी उघड असते. लपवायला काही उरत नाही.

७. स्पर्धांचा नकाशा

ऑलिंपिकमध्ये महिला सॉफ्टबॉल पाच वेळा झाला: १९९६, २०००, २००४, २००८ आणि टोकियो. पहिली तीन सुवर्णं अमेरिकेची, नंतरची दोन जपानची. मधे खेळ वगळला होता, पॅरिसमध्येही नव्हता. २०२८ ला परत येतोय. यजमान लॉस एंजेलिस, पण सॉफ्टबॉलचे सामने ओक्लाहोमा सिटीत, जवळजवळ दोन हजार किलोमीटर लांब.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑलिंपिकपेक्षा जुनी आहे. पहिली १९६५ ला मेलबर्नला झाली आणि यजमान ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला हरवून ती जिंकली. आता तिला वर्ल्ड कप म्हणतात आणि ती दोन टप्प्यांत होते. मागच्या वेळी २०२३ मध्ये १८ संघांचे तीन गट आयर्लंड, स्पेन आणि इटलीत खेळले, आणि अंतिम टप्पा २०२४ मध्ये इटलीत झाला. तिथे जपानने अमेरिकेला हरवलं. एका वर्षी गट फेरी बघून 'पुढे काय झालं' शोधत बसणारे बरेच भेटतात. पुढचं पुढच्या वर्षी झालं. आशियाई क्रीडास्पर्धांत हा खेळ १९९० पासून आहे. पहिली तीन सुवर्णं चीनची, २००२ पासून हांगझोऊपर्यंतची सगळी जपानची.

राष्ट्रीय स्तरावर तीन ठिकाणी लक्ष ठेवा. जपानची जेडी लीग, २०२२ पासून, १६ संघ, बहुतेक कंपन्यांचे: टोयोटा, होंडा, हिताची, डेन्सो. खेळाडू त्या कंपन्यांशी जोडलेल्या असतात, आणि जगातल्या उत्तम पिचर तिथे खेळून गेल्या आहेत, अ‍ॅबट त्यातलीच. दुसरं अमेरिकेचं कॉलेज सॉफ्टबॉल, ज्याची अंतिम स्पर्धा मे महिन्याच्या शेवटी ओक्लाहोमा सिटीत आठ संघांत सुरू होते. ओक्लाहोमा विद्यापीठाने २०२१ ते २०२४ सलग चार वेळा ती जिंकली. तिसरं २०२५ ला चार संघांनिशी सुरू झालेली अमेरिकेची व्यावसायिक लीग, एयूएसएल. सुरुवात करणाऱ्याने माझ्या मते जपानी लीग बघावी. बंट, स्लॅप, बेसवरची धाव, सगळं तिथे जास्त नीट दिसतं. कॉलेजमध्ये होमरनचा सोस फार.

*सापळा:* कॉलेजचे नियम आंतरराष्ट्रीय नियमांसारखे नाहीत. उदाहरणार्थ, तिथे ५ इनिंगनंतर ८ रनांची आघाडी लागते. आणि व्हिडिओ शोधताना बॉल उंच कमानीत हळू येताना दिसला तर तो स्लोपिच, तो बंद करा; खेळ वेगळा आहे.

स्पर्धेची रचना वाचल्याशिवाय मात्र बाद फेरी बघायला बसू नका. २००८ ला बीजिंगमध्ये पेज पद्धत होती: पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांतली लढत हरणाऱ्याला आणखी एक संधी. जपान २० ऑगस्टला अमेरिकेकडून ९ इनिंगमध्ये हरलं, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाला १२ इनिंगमध्ये हरवून फायनलला आलं, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेला ३-१ हरवून सुवर्ण घेऊन गेलं. ऑलिंपिकमधली अमेरिकेची सलग २२ विजयांची मालिका तिथे तुटली. तिन्ही सामने उएनोने एकटीने टाकले: दोन दिवसांत २८ इनिंग, ४१३ पिच. टोकियोत उलट, साखळीतले पहिले दोन संघ थेट फायनलला होते, उपांत्य फेरीच नव्हती.

८. स्कोअरशीट भरायला घ्या

आधी जागांचे क्रमांक पाठ करा: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप, ७ लेफ्ट फील्ड, ८ सेंटर फील्ड, ९ राइट फील्ड. हे जर्सीचे क्रमांक नव्हेत. नवशिक्यांची निम्मी गफलत इथेच होते. शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसला फेकला तर ६-३. स्ट्राइकआउटला के, बॅट न फिरवता झाला तर उलटा के. सेंटरने झेल घेतला तर एफ८.

एक इनिंग भरून बघू. पहिली बॅटर स्लॅप करते, बॉल ६ कडे, ती सेफ: हिट लिहा आणि प्लेटपासून पहिल्या बेसपर्यंत रेघ ओढा. दुसरी बंट करते, रनर दुसऱ्या बेसवर जाते, बंट करणारी आउट: ५-४, शेजारी सॅक्रिफाइसची (स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेल्याची) खूण. इथे थांबा. पहिल्या बेसवर ४ काय करतेय? ३ बंटसाठी पुढे धावून आली होती, म्हणून बेस सांभाळायला सेकंड बेसची खेळाडू आली. कागदावर ५-४ दिसलं की पूर्ण हालचाल डोळ्यांसमोर येते. तिसरी बॅटर स्ट्राइकआउट, बॉल कॅचरच्या हातून निसटला, पहिला बेस रिकामा म्हणून ती पळाली, कॅचरने पहिल्या बेसला फेकून तिला आउट केलं: के २-३. चौथी सेंटरला हिट मारते, दुसऱ्या बेसवरची रनर घरी: तिचा चौकोन पूर्ण करून आत रंग भरा. पाचवी एफ७. तीन आउट, एक रन, एक रनर बेसवर अडकली.

प्रत्येक पिचची नोंद पहिल्या सामन्यात ठेवू नका. हात आणि डोळे दोन्ही मागे पडतात. पिचर बदलली की मात्र त्या बॅटरच्या वर आडवी रेघ न चुकता ओढा. बदली खेळाडूचं नाव मूळ नावाच्या खालीच लिहा, म्हणजे मूळ खेळाडू परतली की जागा सापडते.

सामना संपला की ताळा करा. एका संघाच्या जितक्या बॅटर प्लेटवर आल्या, ती संख्या म्हणजे रन, बेसवर अडकलेल्या रनर आणि आउट यांची बेरीज. वरच्या इनिंगमध्ये पाच बॅटर: एक रन, एक अडकलेली, तीन आउट. पूर्ण सामन्यात २७ बॅटर, २ रन, ७ अडकलेल्या, १८ आउट असं काही निघालं तर जुळलं. जुळलं नाही तर आधी अडकलेल्या रनर पुन्हा मोजा, चूक बहुधा तिथे असते. आणि सामना सातव्या इनिंगच्या पुढे गेला असेल तर दुसऱ्या बेसवर आयत्या मिळालेल्या रनर बॅटरच्या संख्येत मिळवा, प्रत्येक टायब्रेक इनिंगला एक. त्या प्लेटवर न येताच रन झाल्या, आउट झाल्या किंवा अडकल्या, म्हणून फरक नेमका तेवढाच पडतो.